उन्माद आणि विषाद : एका व्याधीची ओळख

आमच्या वार्षिकांकाचे जुने अंक चाळीत असता असे दिसून आले की, हिवताप, क्षय, विषमज्वर, दातांची निगा, डोळ्यांची काळजी या विषयांवर पूर्वीच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी कितीतरी लेख लिहिले आहेत. मनाच्या आजाराविषयी मात्र एकही नाही. असे आजार बेळगावात नव्हते असे खासच नाही. ते घरोघरी होते. परंतु ज्या गोष्टीची वाच्यताच करावयाची नाही, तिच्यावर लेख तरी कोणी लिहावा? प्रस्तुत लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो ते एका सहकाऱ्यामुळे. त्यांनी स्वतः आग्रह धरला म्हणूनच त्यांची हकीकत येथे देत आहोत. नाव, विषय व ओळख पटेल अशा इतर खुणा अर्थातच गाळल्या आहेत.

हे गृहस्थ मूळचे शांत, काटकसरी, वर्गात आवाज न चढविणारे. एका वर्षी शाळा उघडण्याच्या सुमारास ते पहाटे सहालाच शाळेत येऊ लागले. पंधरा दिवसांत त्यांनी प्रयोगशाळा झाडूनपुसून लख्ख केली, माजी विद्यार्थ्यांना तीस-चाळीस पत्रे धाडली आणि मुलांसाठी वसतिगृह, वाचनालय व वेधशाळा अशा तीन योजना एकदमच लिहून काढल्या. रात्री दोन तास झोप पुरते, असे ते अभिमानाने सांगत. आणि चेहऱ्यावर थकव्याचा लवलेशही नसे. त्यांचे बोलणे इतके वेगाने चाले की, एका विषयावरून दुसऱ्यावर ते केव्हा गेले हे ऐकणारास कळू नये. आम्हां सर्वांस त्यांचे कौतुकच वाटले. शिक्षकांच्या सभेत त्यांचे उदाहरण आमच्यापुढे ठेवण्यात आले, आणि आम्ही टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या आज आम्हांस बोचतात.

पुढे महिन्याभरात कळले की, भविष्यनिर्वाह निधीवर कर्ज काढून त्यांनी वेधशाळेसाठी जमिनीचा विसार दिला आहे आणि चार दुर्बिणी मागविल्या आहेत. कोणी हिशेब विचारला तर ते खवळत. ज्या कारकुनांशी त्यांचा वीस वर्षांचा स्नेह, त्यांना सर्वांसमक्ष नाही नाही ते बोलले. एके दिवशी त्यांच्या पत्नी शाळेत आल्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत काही न बोलता बसून राहिल्या.

दसऱ्याच्या सुटीपर्यंत चित्र पार पालटले. तेच गृहस्थ अंथरुणातून उठेनात. स्नान नाही, दाढी नाही, जेवणाकडे लक्ष नाही. वाचावयास घेतलेले पान तासभर उघडेच राही. आपण सर्वांचे वाटोळे केले, आपण नसतो तर बरे, हेच ते पुनःपुन्हा म्हणत. आम्ही भेटावयास गेलो आणि शहाणपणाचे बोल ऐकवून आलो : "सर, मन घट्ट करा. कर्ज काय, फिटेल." नातेवाइकांपैकी कोणी बाधा झाल्याचे सांगितले, गंडेदोरे झाले. अखेर एका डॉक्टरांकडे नेले असता त्यांनी खिन्नतेवरची गोळी दिली, आणि तीन आठवड्यांच्या आत तो जूनमधला वारा पुन्हा सुरू झाला. डॉक्टरांचा यात दोष नव्हता. त्यांच्यापुढे बसलेला मनुष्य खिन्न होता; आणि जूनची हकीकत त्यांना कोणी सांगितलीच नव्हती, कारण जूनमध्ये काही आजार होता असे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आले नव्हते!

या व्याधीस आज द्विध्रुवी मनोविकार किंवा सरळ 'बायपोलर' असे म्हणतात. दोन ध्रुव म्हणजे उन्माद आणि विषाद. एकाच मनुष्याच्या ठायी या दोन अवस्था आळीपाळीने येतात, हे निरीक्षण नवे नाही. १८५४ साली फ्रान्समध्ये फालरे व बायार्जे या दोन वैद्यांनी एकमेकांशी स्पर्धा करीतच या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. आणि १८९९ साली जर्मनीतील एमिल क्रेपेलिन यांनी त्यास इतर मनोविकारांपासून वेगळे काढून स्वतंत्र जागा दिली. क्रेपेलिन यांच्या लक्षात आलेली गोष्ट मोठी मार्मिक होती. या रोगात झटके येतात आणि जातात. मधल्या काळात रोगी बहुधा पूर्ववत् होतो. बुद्धी शाबूत राहते, माया शाबूत राहते. 'एकदा डोके फिरले की फिरलेच' ही आपल्याकडील समजूत या रोगाच्या बाबतीत तरी साफ चुकीची आहे.

आता कोणी म्हणेल, सुखदुःखाच्या लाटा कोणाच्या मनात उठत नाहीत? परीक्षेत पहिला आलेला मुलगा नाचतो, नापास झालेला रडतो. मग हे सारेच रोगी की काय? येथे भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. साध्या आनंदास कारण असते, आणि कारण सरले की आनंदही ओसरतो. उन्मादाची अवस्था आठवडा आठवडा, पुष्कळदा त्याहून अधिक, दिवसाचा बहुतेक वेळ टिकते. विषादाची निदान दोन आठवडे, आणि उपचार न झाल्यास कित्येक महिने. घरातील माणसांस 'हा आमचा नेहमीचा नव्हे' असे वाटू लागते. ही साक्ष डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची, कारण उन्मादात असलेल्या मनुष्यास स्वतःस काही झाले आहे असे वाटतच नाही. उलट आपण इतके बरे यापूर्वी कधीच नव्हतो, अशी त्याची खात्री असते.

उन्माद ओळखण्याची एक खूण आम्ही विशेषेकरून सांगू इच्छितो, ती म्हणजे झोप. चिंतेने ज्याची झोप उडाली तो सकाळी मरगळलेला असतो; झोप यावी म्हणून तो तळमळतो. उन्मादाच्या उंबरठ्यावरील मनुष्यास मात्र झोपेची गरजच उरत नाही. दोन-तीन तासांत तो ताजातवाना उठतो. याच्या जोडीस भरधाव बोलणे, डोक्यात कल्पनांची गर्दी, ऐपतीबाहेरचा खर्च, अवास्तव धाडस, आपल्या सामर्थ्याविषयी भलत्याच कल्पना आणि अडविल्यास संताप, ही लक्षणे दिसू लागली म्हणजे स्वस्थ बसू नये. हा जोर वाढल्यास भास होतात, कोणी पाठीमागे लागल्याचे वाटते, देवाने आपणास खास कामगिरीवर धाडले आहे असेही वाटते. काहींच्या बाबतीत उन्माद सौम्यच राहतो, चारपाच दिवसांत निवळतो आणि मग विषाद तेवढा सर्वांच्या नजरेस येतो. अशांचे निदान होण्यास वर्षानुवर्षे लागतात. आणखी एक प्रकार असा की, दोन्ही अवस्था एकत्र मिसळतात. अंगात भरमसाट चलबिचल आणि मनात काळोख. ही स्थिती सर्वांत धोक्याची समजतात.

व्याधीचे प्रमाण किती, असा प्रश्न सहजच उभा राहतो. बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत पाहणी केली. तीत दर दोनशे प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा तरी हा विकार झाल्याचे आढळले. आमच्या स्नेहसंमेलनास दोन हजार पालक जमतात असे धरले, तर त्यांत असे सुमारे दहाजण असावयाचे. त्याच पाहणीप्रमाणे या रोग्यांपैकी दहांतील सुमारे सातजणांस उपचार मिळत नव्हते. आरंभ बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर, पंधरा ते पंचवीस या वयात होतो. म्हणून हा विषय शाळेच्या अंकात येणे अप्रस्तुत नव्हे. कारणांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तथापि आईस किंवा वडिलांस हा विकार असला तरी बहुसंख्य मुलांस तो होत नाही, हेही तितकेच खरे. लग्न जुळविताना अशा घरावर फुली मारणाऱ्यांनी मधुमेहाच्या बाबतीत आपण काय करतो, याचाही विचार करावा. संस्कार कमी पडले, अभ्यास फार झाला किंवा कोणाची नजर लागली म्हणून हा रोग होत नाही.

उपचारांची कथा मोठी मनोरंजक आहे, आणि तीत एका धातूचा संबंध येतो. १८१७ साली स्वीडनमधील एका खनिजात लिथियम हे मूलद्रव्य सापडले. दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास नाव मिळाले. पुढे सव्वाशे वर्षे मनोरोगाशी त्याचा संबंध असेल असे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. दुसऱ्या महायुद्धात जॉन केड नावाचे ऑस्ट्रेलियन डॉक्टर सिंगापूरच्या चांगी येथील जपानी बंदीवासात तीन वर्षांहून अधिक काळ होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका लहानशा इस्पितळात त्यांनी प्रयोग आरंभिले. उन्माद हा शरीरातील एखाद्या विषाचा परिणाम असावा, अशी त्यांची कल्पना. आणि ते विष रोग्यांच्या मूत्रात सापडेल, ही आशा. त्या प्रयोगांत यूरिक आम्ल पाण्यात नीट विरघळावे म्हणून त्यांनी त्याचा लिथियमयुक्त क्षार वापरला, तर गिनीपिग एकाएकी शांत झाले! मूळ कल्पना चुकीची, प्राण्यांचे शांत होणेही कदाचित औषधाच्या विषारी परिणामामुळे. आणि तरीही हाती रत्न लागले. केड यांनी औषध प्रथम स्वतः घेऊन पाहिले आणि मग दहा उन्मादग्रस्त रोग्यांस दिले. त्यांचा निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला.

येथे कथा संपविली तर ती गोड होईल, परंतु पुरी होणार नाही. केड यांचा पहिला रोगी पाच वर्षे सतत उन्मादात असलेला, पन्नाशी उलटलेला मनुष्य. लिथियमने तो इतका सुधारला की, घरी जाऊन पूर्वीच्या कामावर रुजू झाला. बरे वाटू लागताच त्याने औषध सोडले, आणि रोग परतला. पुन्हा औषध, पुन्हा सुधारणा. आणि १९५० साली त्याच औषधाच्या विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. रक्तातील लिथियम नेमके मोजून मात्रा ठरविण्याची पद्धत त्या वेळी रूढ झालेली नव्हती. अमेरिकेत तर १९४९ च्या सुमारास हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचा क्षार विकला गेला आणि त्यात काही माणसे दगावली. त्यामुळे हे औषध बदनाम झाले. डेन्मार्कमधील मोगेन्स शौ यांनी १९५४ पासून चिकाटीने पद्धतशीर चाचण्या केल्या नसत्या, तर ते कदाचित विसरलेही गेले असते. अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली ती १९७० साली. मिठाच्या जातीचा हा साधा क्षार. त्याचे पेटंट घेऊन कोणी गबर होण्यासारखे नव्हते, म्हणून कारखानदारांचा उत्साह बेताचाच राहिला, असे म्हणतात. आम्हांस ते खरे वाटते.

लिथियम घेणारास रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. औषधाची उपयोगी पातळी आणि अपायकारक पातळी यांत अंतर थोडे. मूत्रपिंड व कंठातील थायरॉइड ग्रंथी यांवरही लक्ष ठेवतात. उन्हाळ्यात घाम फार जाऊन पाणी कमी पडले, जुलाब-वांत्या झाल्या, मीठ अचानक बंद केले, किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेतली, तर रक्तातील लिथियम वाढते. हात जोराने थरथरणे, झोक जाणे, जीभ अडखळणे, वांत्या ही त्याची लक्षणे. अशा वेळी तत्काळ डॉक्टर गाठावा. सर्वच रोग्यांस लिथियम देतात असेही नाही. अन्य औषधे आज उपलब्ध आहेत आणि कोणास कोणते मानवेल हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. व्हॅलप्रोएट नावाचे औषध गर्भातील बालकास अपायकारक असल्याने, ज्या वयात संतती संभवते त्या वयातील मुली व स्त्रियांच्या बाबतीत ते टाळण्याकडे आता तज्ज्ञांचा कल आहे. आणि आमच्या सहकाऱ्यांच्या हकीकतीतील धडा येथे पुन्हा सांगतो : खिन्नतेवरील गोळ्या एकट्याच दिल्यास काही रोग्यांत उन्माद उफाळतो. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा केवळ आजचे दुःख सांगू नका. मागे कधी अतिरेकी उत्साहाचा काळ आला होता काय, घराण्यात कोणास असे झाले होते काय, तेही सांगा.

बरे वाटू लागले की गोळी कशाला, हा मोह केड यांच्या पहिल्या रोग्यास झाला, तसाच तो पुढे मोठमोठ्यांनाही झाला. के रेडफील्ड जेमिसन या अमेरिकन विदुषी मानसशास्त्रज्ञ आणि याच रोगाच्या जाणकार. त्यांना स्वतःला हा विकार आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे उघडपणे लिहिले आणि वारंवार औषध सोडल्याने आपणास काय भोगावे लागले तेही लपविले नाही. जाणत्यांची ही गत, तर इतरांनी एकमेकांस दूषणे देण्यात अर्थ नाही. उन्मादाच्या आरंभी जो उल्हास असतो त्याची रोग्यास ओढ लागते. औषधाने तो जातो, याचे त्यास खरोखरीच दुःख होते. घरच्यांनी हे दुःख हसण्यावारी नेऊ नये.

औषधाच्या जोडीस दिनक्रम हवा. जागरणाने उन्माद जागा होतो, हे वैद्यकास पक्के ठाऊक झाले आहे. आपल्या बेळगावात गणेशविसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. लग्नाचे गोंधळ रात्रभर रंगतात. परीक्षेच्या काळात मुले पहाटेपर्यंत दिवे जाळतात. ज्यास हा विकार आहे त्याने या साऱ्यास मुकावेच असे नाही. आरती करावी, मिरवणुकीत घटकाभर चालावे, आणि अकराला घरी येऊन झोपावे. त्यास 'आजच्या दिवस बस की' असा आग्रह करणारे आपणच असतो. मद्य तर सर्वथैव वर्ज्य.

आता साहाय्य कोठे मिळेल? आरंभ घरच्या डॉक्टरांपासून केला तरी हरकत नाही. ते मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊ शकतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. जिल्ह्याच्या पातळीवर अशी सोय असावी, ही कल्पना आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ च्या सुमारास निमहान्सने प्रथम राबविली, आणि १९९६ पासून तिच्या धर्तीवर देशभर कार्यक्रम सुरू झाला. धारवाडची मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था येथून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर आहे. ब्रिटिश अमदानीत वेड्यांचे इस्पितळ म्हणून सुरू झालेली ही जागा आज शिक्षण व उपचारांची संस्था आहे. 'धारवाडला पोचवीन' ही जुनी थट्टा आता तरी थांबवावी. घरून निघणे शक्य नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालू असतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी तो सुरू झाला. त्यावर भाषा निवडता येते, आणि मराठीतही बोलता येते. ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. ताप किती अंश आहे हे कोणत्याही भाषेत सांगता येते. पण 'जीव कशात लागत नाही', 'आत काहीतरी तुटल्यासारखे होते', हे मनुष्य आईच्या भाषेतच सांगू शकतो. दवाखान्यात भाषेची अडचण येत असेल, तर दोन्ही भाषा जाणणारे कोणी बरोबर न्यावे आणि रोग्याचे शब्द जसेच्या तसे पोचवावयास सांगावे.

कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. रोग्यास साखळदंड घालण्यास त्याने बंदी केली आहे आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसही विम्याचे संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. रोग्याची हकीकत गुप्त राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी दोन शब्द वेगळे. एखादा मित्र वा मैत्रीण 'जगावेसे वाटत नाही' असे बोलली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात काय?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत खोटी आहे. उलट बोलावयास मिळाल्याने भार हलका होतो. 'कोणाला सांगणार नाहीस ना?' असे वचन मागितल्यास ते देऊ नका, आणि दिले असल्यास मोडा. त्यास एकटे सोडू नका. घरातील किंवा शाळेतील वडीलधाऱ्या माणसास त्याच दिवशी सांगा, आणि वर दिलेला क्रमांक फिरवा. घरच्यांनी औषधांचा साठा आपल्या ताब्यात ठेवावा. जिवास धोका दिसताच रात्र असो, सण असो, थेट रुग्णालय गाठावे. तुमच्या स्वतःच्याच मनात असे येत असेल, तरीही हेच सारे तुम्हांसही लागू आहे.

आमच्या सहकाऱ्यांची पुढील हकीकत सांगावयाची राहिली. दुसऱ्या उन्मादानंतर त्यांच्या पत्नींनी मागील दोन वर्षांतील तारखा एका वहीत क्रमवार लिहून काढल्या : झोप केव्हा कमी झाली, खर्च केव्हा वाढला, अंथरूण केव्हा धरले. मनोविकारतज्ज्ञांनी ती वही वाचली आणि अर्ध्या तासात निदान केले. विसार बुडाला, दोन दुर्बिणी परत गेल्या, दोन शाळेने विकत घेतल्या. कर्ज फेडण्यास सहा वर्षे लागली. ज्या कारकुनांस ते वाटेल तसे बोलले होते, त्यांच्या घरी जाऊन त्यांनी क्षमा मागितली. ती लगेच मिळाली असे नाही. मध्ये एकदा विषादाचा झटका आला, पण तो पूर्वीसारखा तीव्र नव्हता. आता दर तीन महिन्यांनी ते रक्त तपासून घेतात, उन्हाळ्यात पाण्याची बाटली हातावेगळी करीत नाहीत, आणि ती वही अजून चालू आहे. रोज सकाळी ते झोपेचे तास लिहितात आणि त्यांच्या पत्नी त्याखाली सही करतात. सलग दोन रात्री आकडा पाचाच्या खाली गेला, तर डॉक्टरांना कळवावयाचे, असे तिघांचे ठरलेले आहे. गेल्या मार्गशीर्षात त्यांनी नववीच्या मुलांना गच्चीवरून त्याच दुर्बिणीने गुरूचे चंद्र दाखविले. आणि साडेनऊ वाजताच, उरलेल्या मुलांना आमच्या स्वाधीन करून, ते घरी झोपावयास गेले.